फलकावर न लिहिलेली बातमी

प्रिय दादा,

फलकावर लिहायच्या आधी कागदावर लिहून पाहावं, असं तुमीच सांगतलं होतं. उद्या सकाळी मले फाट्यावर जाऊन लिहायचं आहे. म्हणून आज हे तुमाले लिहून राह्यली. तुमची सख्खी नात मी, पण तुमच्यासमोरही माझ्या तोंडून कधी चार शब्द धड निघाले नाही. कागदावर तरी निघतील.

आज तुमची तेरवी झाली. फाट्यावरच्या फलकावर अजून तुमचंच अक्षर आहे. 'रस्ता चालू आहे. नाल्याजवळ गाडी हळू चालवा.' कोणी पुसलं नाही. कोण पुसणार?

बस स्टॉपच्या भिंतीले काळा रंग तुमीच मारला होता. रोज सकाळी कंडक्टरले विचारायचे, दुधवाल्याले विचारायचे, कुठी पूल खचला, कुठी झाड पडलं, अन मग खडू घ्यायचे. आधी रस्ता, मग मयत, मग बाकीचं. लाइन कधी जाणार, कोणाची म्हैस हरवली. मी एकदा विचारलं होतं, रस्ताच पह्यले काहून?

"अवो पोरी, मयतीले यायलेही रस्ताच लागते ना," तुमी म्हणाले.

अन मग तुमची ती लदेणीची गोष्ट. हा डांबरी रस्ता आंगोदर आपल्या तांड्याच्या बैलांचा होता, पाठीवर मीठ लादून ते याच वाटेनं जात. पुढं गेलेला माणूस विहिरीवर हिरवी फांदी ठेवून जाय, म्हणजे मागच्याले कळे, इथं पाणी आहे. "मीही तेच करून राह्यलो," असं म्हणून तुमी खडूचे हात धोतराले पुसायचे. माझी याडी, म्हणजे आई, ते धोतर धुता धुता बडबड करायची.

मागच्या वर्षी कोणीतरी मोबाइलवर टाकलं, हरसिंग दादा गेले. तो हरसिंग दुसऱ्याच तांड्याचा होता. तुमी तडक फाट्यावर गेले अन लिहिलं, 'मी आहे. चहा पाजा.' तवापासून लोक मोबाइलवर मयतीची बातमी आली की आधी फलक पाहतात.

म्हणूनच तुमी गेले त्या सकाळी बाबानं माझ्या हातात खडू दिला. "जा, दादाचं लिहून ये. त्याबिगर कोणाले खरं वाटणार नाही."

मी गेलती, दादा. स्टॉपवर शाळेची पोरं उभी होती, माझ्याच वर्गातली. पूल खचला तेव्हा बस बंद झाली अन माझी नववी सुटली. बस परत सुरू झाली, पण मले वर्गात जायची लाज वाटली. घरीच राह्यली. तुमी एका शब्दानं बोलले नाही. काहून नाही रागावले मले? रागावले असते तर कदाचित गेली असती.

त्यांच्यापुढं भिंतीवर लिहायचं माझ्यानं झालं नाही. खडू मुठीत दाबून परत आली. बाबानं विचारलं, "लिहिलं?" मी 'हो' म्हणून मान हलवली. तेरवीपर्यंत घरचं कोणी फाट्यावर गेलं नाही.

आज सत्तार मामू आले, फुलसावंगीचे, तुमचे ट्रॅक्टर मिस्त्री दोस्त. दारातच बसले.

"मोबाइल पे आया था, हरसिंग गया करके," ते बाबाले म्हणाले. "मैं फाटे पे उतरा, फलक देखा. उस पे तो रस्ता चालू लिखा था. मैं बोला, बुड्ढा फिर चाय मांगेगा. हँसते हँसते उसी बस में वापस बैठ के पुसद निकल गया." मग गमछ्यानं तोंड पुसलं. "कल पता चला, सच्ची में गया. कंधा देना था रे मेरे को."

बाबानं माझ्याकडं पाह्यलं. तुमची माती झाली तेव्हा मामू पुसदच्या बसमध्ये होते, माझ्यामुळं.

"मी नाही लिहिलं," मी म्हटलं. सगळे बसले होते. "मले लाज वाटली. मी खोटं सांगतलं."

मामूनं पाणी मागतलं, पूर्ण पेला प्यायले.

"तो कल लिख दे."

"आता? तेरा दिवसांनी कोण वाचीन?"

"मैं वाचूंगा. पहिली गाडी से आता."

दादा, मले लिहायचं एवढं भेव नाही वाटून राह्यलं, जेवढं पुसायचं. पण तुमी स्वतः रोज कालचं पुसायचे, एक अक्षर शिळं राहू द्यायचे नाही.

म्हणून शब्द देते. उद्या पोरं बसची वाट पाहत असतील, तेव्हाच जाईन. आधी कंडक्टरले विचारीन, मग ओला फडका फिरवीन. पह्यले रस्ता लिहीन, मामूनं आज पाह्यलेली गिट्टी तशीच असली तर: नाल्याजवळ गिट्टी पडली आहे, मोटरसायकल जपून. मग तुमचं: हरसिंग दादा तेरा दिवसांपूर्वी गेले. बातमी उशिरा लिहिली, चूक माझी. खाली तुमी टाकायचे तसं नाव टाकीन, माझं, पूर्ण. मामू वाचतपर्यंत तिथंच उभी राहीन.

अन परवा सकाळी पुन्हा जाईन, रस्ता विचारायले.

तुमची नात,
सविता