झरझूर पाखरांची बाग

सफाक्स, ९ डिसेंबर

लाडके जलीला,

सलाम. आम्ही मजेत. ऑलिव्हचा घाणा अखंड चालू आहे, तुझ्या सालहावहिनीचं तोंडही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. जाड काळ्या पेनाने लिहितोय. तरी सुनेकडूनच वाचून घे, आणि तिला सांग, मधलं गाळायचं नाही.

तू विचारलंस, बुबुळावरचा पडदा बदलणं खरं कितीला पडतं? मला माझा उजवा डोळा विकलेल्या एका ट्रकला पडला, रस्त्याकडेच्या विकलेल्या वीस झाडांना पडला, शिवाय कित्येक महिने ना ओझं उचलणं, ना नमाजात कपाळ टेकणं.

बाजारची बातमी ऐक. हाज बशीरची बाग यंदा मी घेतली! झाडावरचं पीक बघून बोली लावण्यात माझा हात कोण धरणार? पण यंदा मी बघितलंसुद्धा नाही. उन्हं कलली होती, सगळे माना वर करून फळांचा अंदाज घेत होते. मी कान दिला. ऑलिव्ह खाणाऱ्या झरझूर पाखरांचा हा कलकलाट! म्हटलं, जिथे पाखरं फार तिथे फळ फार. सगळ्यांच्या वर बोली लावली.

"फरहात, तुला दिसलं तरी काय?" हाज बशीर म्हणाला.

"तुला बाग विकायची आहे की माझी परीक्षा घ्यायची आहे?"



आता तू विचारशील, "दादा, पण बघितलं का नाहीस?"

बघितलं असतं गं. दिसत नव्हतं.

गेल्या आठवड्यात सालहाने मला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नव्या पडद्यावर जुनेच कण आलेत."

"अहो, पडदा तर दुसऱ्याचा!"

"पडदा दुसऱ्याचा, पण त्याला पोसणारं शरीर तुमचंच ना?"

"म्हणजे भाडेकरूला घरमालकाची खोड लागली!"

बाई हसल्या. सालहा नाही हसली. "मला कधी सांगणार होता? जिन्यावरून गडगडल्यावर?"

बाबा म्हणायचे, वाळवंटातल्या वाऱ्याने डोळ्यात वाळू भरली. ती वाळू आपल्या रक्तातच आहे, तुझ्याही. मी तुला छातीठोक सांगितलं होतं, एकदा पडदा बदलला की जन्माची काळजी मिटली. तसं नाही. ते परत येतं. मात्र सावकाश येतं. आता लेझरने वरचे कण खरवडतील, तेवढ्यावर काही वर्षं निघतील. मग लागलाच तर आणखी एक पडदा.

तरीही तू करून घे. मला अकरा वर्षं मिळाली, जलीला. लेक नूरहान नवरी झालेली पाहिली. सालहाच्या चेहऱ्यावरचा राग गल्लीच्या कोपऱ्यावरूनच ओळखून परत घाण्याकडे वळायचो, हे सुख काय थोडं आहे?

दोघं एकाच दिवशी दवाखान्यात जाऊ. सालहा म्हणते, "दोघांचे हात मी धरीन. वाटेत भांडलात तर तिथेच सोडून देईन."

बाबांची वाळू तुझ्याबरोबर वाटून घेतलेला,
तुझा दादा
फरहात

ता. क. सोबत तेलाची बाटली आहे. दरवर्षीचा डबा यंदा नाही. ती पाखरं बशीरच्या बागेत नुसती झोपायला येत होती.