पाठीवरचा श्वास

पेडगाव, बुधवार, पौष

देशमुखांच्या घोडीचं शिंगरू आज माझ्यामागं आपणहून चाललं. दोरी सैल सोडायची, पाठ फिरवून चालायचं, मारायचं न्हाई. माझी शिकवायची रीत एवढीच. मी थांबलो की तेही थांबायचं, आणि त्याचा गरम श्वास पाठीवर. बायको वारल्यापासून माझ्यामागं असं कोणी आलंच न्हाई.

शिकून झालं की देशमुख ते जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांना नजराणा म्हणून देणार. मग अंगणात कोण?

दिवस मावळताना देशमुखांचे कारभारी आले. "झालं का शिकून? उद्या न्यायचं म्हणायलेत मालक."

"न्हाई अजून. लय बुजतं, जवळच येत न्हाई." असं कसं बोलून गेलो मी?

कारभारी माझ्या खांद्यामागं बघत राहिले. पाठीवर तोच गरम श्वास लागला.