घरगुती प्रभुभोजनाचं पान

४ नोव्हेंबर २०१२, रविवार. गाझियाबाद

सासूबाईंना आता उठवत नाही. चर्चला नेणं अशक्य, म्हणून पाळकसाहेबच घरी आले. डब्यात भाकरीचे तुकडे, द्राक्षरसाचे इवलेसे पेले. मी नेहमीप्रमाणे पाणी ठेवून किचनकडे निघाले. सतरा वर्षांत प्रभुभोजनाला कधी बसले नाही. मी बौद्ध, सॅम ख्रिस्ती, लग्न रजिस्टर, ज्याचं त्याच्यापाशी.

सासूबाईंनी मनगट धरलं. "आज माझ्याबरोबर घे. एकदाच." पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी सॅमकडे, सॅमनं पंख्याकडे. घेतलं. जाताना पाळकसाहेबांनी त्यांच्या जाडजूड रजिस्टरात काहीतरी लिहिलं.

९ नोव्हें., शुक्र.

आज सासूबाईंना थोडी हुशारी होती. केस विंचरत होते तर विचारतात, "तुमच्याकडे चुकलं तर माफी कुणाकडे मागता गं?"

"कुणाकडेच नाही, आई. केलं ते आपलं आपणच निस्तरायचं."

"मग जड होत असेल."

आमच्याकडे वर कोणी बसलेलं नाही याचा मला अभिमान वाटत आलाय. आज पहिल्यांदा थोडं एकटं वाटलं.

१६ नोव्हें., शुक्र.

सासूबाई बुधवारी पहाटे गेल्या. बाहेर अजून फटाक्यांचा धूर. माती देताना सगळे गात होते, सॅमसुद्धा. मी मनातल्या मनात आमचं त्रिशरण म्हटलं. त्यांना चाललं असतं.

२७ नोव्हें., मंगळ.

आमच्या सेक्शनचा तनेजा लिफ्टपाशी हळूच म्हणाला, "मैडम, आपके नाम की कंप्लेंट आई है. विजिलेंस में. लिखा है, आप क्रिश्चन हो गई हैं."

मी हसले. तो हसला नाही. पुढच्या महिन्यात प्रमोशनची यादी लागतेय.

२८ नोव्हें.

विजिलेंसवाल्यांनी बोलावून दाखवलं. तक्रार निनावी. सोबत पाळकसाहेबांच्या रजिस्टरातल्या पानाची झेरॉक्स: "घरगुती प्रभुभोजन". खाली "सभासदाचे नाव". पहिल्या ओळीत सासूबाई, दुसऱ्या ओळीत सौ. सुजाता. म्हणजे मी. त्या रजिस्टरात सभासद नसलेल्यांसाठी रकानाच नाही! उजवी कड झेरॉक्समध्ये कापली गेलीय.

बौद्ध म्हणून माझा जातीचा दाखला टिकतो, ख्रिस्ती झाले तर जातो. दाखला गेला की एकोणीस वर्षांची नोकरी गेली. हे पान चर्चमधून बाहेर कोणी काढलं? घरी आलेल्या प्रत्येकाचा चेहरा आठवतेय, आणि स्वतःचीच लाज वाटतेय.

२ डिसें., रवि.

सॅमशी कडाक्याचं भांडण. "तेव्हा पंख्याकडे काय बघत होतास?" तो शांतपणे म्हणाला, "तुझे आजोबा आणि माझे पणजोबा एकाच गावच्या वेशीबाहेर राहायचे. तुला दाखला मिळाला, मला नाही. मी कधी बोललो?" खरंच कधी बोलला नव्हता. दुपारी खालच्या गार्डनं सांगितलं, कोणीतरी आमचा फ्लॅट विचारून गेलं. दारावर क्रॉस आहे का, असंही विचारलं.

५ डिसें., बुध.

वकिलानं अ‍ॅफिडेव्हिट करून दिलंय. "मी कोणत्याही ख्रिस्ती विधीत कधीही भाग घेतलेला नाही." म्हणाला, "साइन कर दीजिए, बात ख़त्म." सॅमचं मत, करू नकोस. त्याच्या दहा आज्ञांत खोटी साक्ष नको, माझ्या पंचशीलात खोटं बोलणं नको. दोन्ही धर्मांचं इतकं एकमत नेमकं माझ्याच मुळावर यावं. तो म्हणाला, "केलीस तरी देव माफ करेल." करेल, पण तुझा. सही केली नाही.

६ डिसें., गुरु.

सकाळी वंदनेला गेले. पंचशील म्हणताना चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा नुसते ओठ हलवले. सही केलेली नाही, तरीही. मागे कोणीतरी मोबाईलवर फोटो काढत होतं. पूर्वी लक्षही गेलं नसतं.

१० डिसें., सोम.

मेमो आला. १७ तारखेला मूळ रजिस्टर आणि पाळक, दोन्ही हजर करा.

खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला. मूळ रजिस्टर आलं की कापलेली कडही दिसेल. पाळकसाहेब खरं तेच सांगतील. मला खोटं बोलायची गरजच उरणार नाही. रात्री सॅमनं माझ्या हातचं पिठलं मागून खाल्लं.

११ डिसें., मंगळ.

ऑफिसातून पाळकसाहेबांना फोन केला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "सुजाताबाई, निश्चिंत राहा. त्या तक्रारीचं कानावर आलं तेव्हाच मी ते पान फाडून जाळलं. तुमच्यावर बालंट नको."

मी विचारलं, "उजवीकडे काय होतं?"

म्हणाले, "शेऱ्याचा रकाना होता. मी लिहिलं होतं: 'बाप्तिस्मा नाही. सभासद नाही. आजारी सासूच्या इच्छेखातर.'"

मागे तनेजा फाइल घेऊन उभा होता, म्हणून रडता आलं नाही.

"मला क्षमा कराल ना?" पाळकसाहेबांनी विचारलं. भला माणूस आहे. मी हो म्हटलं. त्यांना हलकं वाटलं असावं.

सोमवारी मला विचारतील, पान कुणी फाडलं.