बोंबलांच्या गल्लीतली खिडकी

आई,

स्वयंपाकघराला खिडकी झाली. पश्चिमेच्या भिंतीत, ओट्याच्या बरोबर समोर, उभं राहिलं की कोपर टेकेल इतक्या उंचीवर. चौकट जुन्या सागाची, पनवेलच्या जुन्या सामानाच्या दुकानातून उचललेली. उभे लोखंडी गज, दोन झडपा, आणि एका झडपेवर कुणाच्या तरी घरचा निळा रंग अजून चिकटलेला. मी आत्ता तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आहे आणि सुट्या कागदांवर लिहितो आहे. रोजच्या डायरीत लिहायला लागलो की मी स्वतःचीच उलटतपासणी घेतो, हे तुला ठाऊक आहे. तू त्याला 'कीस पाडणं' म्हणायचीस. आज कीस पाडायचा नाही असं ठरवून बसलो आहे. बघू किती जमतं.

घर वडिलोपार्जित नाही. आपलं तसं काही नव्हतंच. पनवेलहून उरणकडे जाताना चिरनेरच्या अलीकडे एक गाव लागतं, तिथल्या एका मास्तरांचं हे घर. मास्तर मुलाकडे बडोद्याला राहायला गेले, घराला कुलूप लागलं, आणि आमच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीतून ते आमच्यापर्यंत आलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की मी आणि तुझी सून मुंबईहून एसटीने पनवेल गाठतो, स्टँडबाहेर सहा आसनी रिक्षात नऊ-दहा जणांत कोंबून घेतो आणि अंधार पडायच्या आत इथे पोचतो. तू तिला पाहिलं नाहीस. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तू गेलीस, आणि ही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. रविवारभर आम्ही खरवडतो, घासतो, चुना लावतो. मला खिळा सरळ ठोकता येतो हे चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की मी पडवीत गरज नसताना तीन खुंट्या मारल्या. सोमवारी फाइलवर सही करताना नखात चुना दिसतो आणि मी तो मुद्दाम काढत नाही. गावातले लोक विचारतात, "कवा विकनार?" बंदर झालं, नवं शहर सरकत सरकत येतंय, तेव्हा माणूस जुनं घर राहायला घेईल हे त्यांना पटत नाही. मी म्हणतो, विकायचं नाही. ते म्हणतात, बरं बरं, आणि मान हलवतात.

फक्त स्वयंपाकघर काळोखी होतं. दिवसा कंदील लावावा लागे. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा मी दारातच थबकलो. ही म्हणाली, "काय झालं?" मला पनवेलची, तळ्याच्या बाजूची आपली भाड्याची खोली दिसली होती. खिडकी काढायची हे मी तिथल्या तिथे ठरवलं. कौलं, फरशी, संडास, सगळं नंतर. हिच्या मते क्रम उलटा होता, आणि ती बरोबरही होती.

गवंड्याने कोळशाने भिंतीवर आतून चौकोन काढला आणि माप बघायला आम्ही बाहेरून गल्लीत गेलो, तेव्हा अडचण समोर आली. ती गल्ली म्हणजे आमची भिंत आणि शेजारच्या मावशीचं घर यांच्यामधली चिंचोळी जागा. मावशी साठीची, एकटी. करंज्याच्या बंदरावर लिलावात मासळी घेते, इथे आणून वाळवते आणि पनवेलच्या बाजारात विकते. दिवाळी झाली की पाऊस येईपर्यंत हेच तिचं पोट. बोंबील लटकवायचे बांबू बांधलेले असतात आमच्या भिंतीतल्या खुंट्यांना. मास्तरांनी तिला कधीच नाही म्हटलं नव्हतं. आणि कोळशाचा चौकोन बाहेर काढला असता तर तो त्या खुंट्यांच्या बरोबर मधोमध आला असता.

"काय चाल्लंय मुंबयकर?" तिने टोपली खाली ठेवत विचारलं.

"खिडकी काढतोय मावशी. तुमच्या खुंट्या जरा सरकवून देतो."

"खुंट्यांचं सोड. खुंट्या मी इकडच्या तिकडं मारीन. खिडकी कशाला?"

"उजेडाला."

"उजेडासंगं वास नाय येनार?" तिने पदराने तोंड पुसलं. "वरच्या आळीत तो बंगला झाला, तितल्या बाईनं माझ्या भावजयचं वाळवन बंद केलं. आधी खिडकी उघडली, मंग नाक धरलं, मंग पंचायतीत गेली. मासली हाय, अत्तर नाय."

"मी तसा नाही."

"कोनीच तसा नसतो. खिडकी होईपरत."

गवंडी हातोडा घेऊन उभा होता. "सायेब, भिंत तुमची हाय," तो म्हणाला, "मारू का?" भिंत माझी होती, खरेदीखत माझ्या नावाचं होतं, आणि तिचं काही चाललं नसतं. तेच मला नडलं. मी म्हणालो, आज राहू दे. परतीच्या एसटीत ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. "रविवार फुकट गेला," ती वाशीच्या पुलावर म्हणाली.

तो आठवडा माझा वाईट गेला. मावशीला वचन देऊन टाकणं सोपं होतं. पण मला स्वतःची खात्री नव्हती. आमच्याकडे सुकं येत नाही. ताजं मिळतं, सुक्याची सवय गेली, मुलांना तर ठाऊकच नाही. उद्या ऐन मे महिन्यात मी जेवायला बसेन आणि पलीकडे हातभर अंतरावर शंभर बोंबील वाळत असतील, तेव्हा माझं काय होईल? मी भला माणूस आहे असं मला वाटतं, पण हा वाटण्याचा प्रश्न नव्हता. तिचा हंगाम पणाला लागला होता.

आणि तुझी ती दुपार. श्रावण लागायच्या आधीची, शाळा लवकर सुटली म्हणून मी पळत घरी आलेला. आपल्या स्वयंपाकघरालाही खिडकी होती, पण घरमालकाने ती खिळे मारून बंद केलेली, कारण वास वर त्यांच्या देवघरात जायचा. मी दार ढकलतो. दार जड लागतं, कारण तू खाली ओलं पोतं दाबून ठेवलेलं आहेस. आत धूर इतका की तू आधी दिसत नाहीस, मग शेगडीपुढे बसलेली दिसतेस, एका हाताने बोंबील उलटतेस, दुसऱ्या हाताने पदर नाकाशी. डोळे लालभडक. मी दार उघडंच ठेवतो, तुला बरं वाटेल म्हणून. आणि तू माझ्यावर ओरडतेस, खालच्या आवाजात, कारण तेही वर ऐकू जाईल: "दार लाव आधी. भाड्याने राहतो आपण." मग मला गरम भाकरीवर कुस्करलेला बोंबील, वर कच्चा कांदा. मी मिटक्या मारत खाल्ला.

हे मला त्या आठवड्यात अचानक आठवलं असं लिहिलं तर खोटं होईल. मी ते कधी विसरलोच नव्हतो. कितीदा लोकांना रंगवून सांगितलं आहे. फक्त त्या गोष्टीत मी कायम तुझ्या बाजूला उभा असायचो. यावेळी पहिल्यांदा दिसलं की वरच्या मजल्यावरचा तो घरमालक आता मी आहे.

पुढच्या शनिवारी पोचल्या पोचल्या मी मावशीकडे गेलो आणि तिच्या ओट्यावर बसून तिला हे सगळं सांगितलं. ती सुकट पाखडत होती. हात थांबला नाही.

"मंग?" ती म्हणाली.

"मग मी तुमचं वाळवण कसं बंद करीन?"

"सोसलं ते तुझ्या आयनं. तू काय सोसलंस? तू खाल्लंस."

तिने सूप झटकलं आणि म्हणाली, "उद्या जेवून गल्लीत येऊन बस. ऊन मावळंपरत. मंग सांग."

बसलो. रविवारची भर दुपार, पश्चिमेचं ऊन भिंतीवर चढत आलेलं, डोक्यावर रांगेने बोंबील, पायाशी जुन्या साडीवर पसरलेली सुकट. मला बसायला उपडी टोपली आणि हातात काठी, कावळे हाकायला. ही मागच्या दारातून अधूनमधून डोकावत होती. "पेपर कठीण आहे का हो?" तिने विचारलं. "पुरवणी हवी का?" मागच्या रविवारचा राग कुठल्या कुठे गेला होता. गल्लीच्या तोंडाशी जाणारा-येणारा थांबत होता. एक म्हातारा म्हणाला, "काय गो, राखनीला नवा गडी ठेवला?" मावशी घरातून ओरडली, "शिकलेला हाय, पन कावले ऐकत नाय त्याचं." आणि खरंच नव्हते ऐकत.

वासाचं सांगतो. पहिल्यांदा तो घशात बसला. वाटलं उठावं, तोंड धुवावं. मग मी कावळ्यांच्या मागे लागलो आणि थोडा वेळ वासाचं विसरलो. मग तो परत आला, पण आता त्यात मीठ वेगळं कळत होतं, तापलेली माती वेगळी, आणि खाली कुठेतरी आपली ती खोली होती की नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. असावी असं मला फार वाटत होतं, त्यामुळे माझ्या नाकावर माझा विश्वास नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं तशी मावशी बाहेर आली. "आला वास?"

मला खिडकी हवी होती. इतकी हवी होती की 'नाही' हा शब्द जिभेवर तयार होता.

"आला," मी म्हणालो. "आधी मळमळलं. मग कमी झालं. गेला मात्र नाही."

"नाय आला म्हनला असतास, तर खुंटी हलवली नसती," ती म्हणाली. "बंद नको करवूस माझं. एवढंच." आणि तिने तिथेच दगड उचलून पहिली खुंटी दोन्ही बाजूंनी ठोकून सैल केली आणि हाताने उपटली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू कावले बघ."

आई, भिंत फोडण्यात काय मजा असते हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? पुढच्या रविवारी गवंड्याने पहिला घाव मला घालू दिला. भिंत हसल्यासारखी तशीच उभी. मग त्याने दगडाच्या सांध्यात पहार कशी घालायची ते दाखवलं, वरच्या भिंतीला आधार म्हणून जाड लाकडी फळी बसवली, आणि एकेक दगड निघायला लागला. मातीत शिंपल्यांचे तुकडे, भाताचं तूस, एका जागी मुंग्यांचं आख्खं गाव. केसांत, कानांत, चहाच्या कपात माती. हीदेखील पदर खोचून टोपल्या उचलत होती आणि मध्येच मला म्हणाली, "तुम्ही शिट्टी वाजवताय, कळतंय का?" मला कळत नव्हतं. दुपार कलताना एक दगड बाहेरच्या बाजूला धप्पकन पडला आणि उन्हाचा पट्टा आत येऊन समोरच्या काळ्या भिंतीवर बसला. त्या भिंतीवर असं ऊन कधी पडलंच नसेल. तेवढ्यात त्या भोकातून एक हात आत आला, बांगड्यांचा, आणि हातात चार बोंबील. "धर," मावशी पलीकडून म्हणाली. "नुसता वास कशाला घेतोस."

ते मी त्याच संध्याकाळी निखाऱ्यावर भाजले. चौकट अजून बसली नव्हती, नुसता खडबडीत चौकोन होता. धूर उठला, थोडा घुटमळला आणि सरळ बाहेर निघाला. हिने विचारलं, "धूर लागला का डोळ्यांना?" मी म्हणालो, नाही, सगळा बाहेर जातोय. बघ ना कसा जातोय. मी बोंबील करपवले, कारण मी धुराकडेच बघत होतो.

तू असतीस तर म्हणाली असतीस, खिडकीचं काय एवढं. खरं आहे. आणि हे मी तुझ्यासाठी केलं असं म्हणायचा मोह होतो, पण उजेड मला हवा होता, भिंत फोडायची हौस माझी होती. तुझा त्यात किती वाटा हे मला मोजता येत नाही, तेव्हा मोजत नाही. पडला शेवटी थोडा कीस.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. घडी करून ओट्याखालच्या फडताळात ठेवीन. पण उठण्याआधी एक राहिलं. काल संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा वारा गल्लीतून थेट आत येत होता, दिवसभर तापलेल्या बोंबलांवरून. डोकं आधीच दुखत होतं. मी झडप ओढून घेतली. अर्धीच, निळी. मावशी बाजाराहून आली नव्हती. चहा होईपर्यंत ती तशीच राहिली, मग मी उघडली. मावशीला हे सांगायला हवं आणि मी अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी तिने खिडकीतून सुकटीचा वाटा दिला, तेव्हाही नाही. तुला सांगणं सोपं आहे. तू पलीकडे उभी राहून "का रे लावलीस?" असं विचारणार नाहीस.