वर्गातली पाहुणी

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला देणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

उद्या पुन्हा सभा. शिलाईच्या कारखान्यातून तुम्ही मला सोडवलंत, शाळेत घातलंत. तेव्हापासून प्रत्येक सभेत तुम्ही म्हणता, "ही आमची बटणवाली!" मग मी उठते, शर्टांना बटणं लावून लावून चाळण झालेली बोटं वर धरते आणि म्हणते, "मला शिकायचं आहे." लोक डोळे पुसतात. तुमचे तर दर वेळी खरंच भरून येतात, म्हणून तुमच्यावर धड रागावताही येत नाही.

पण ताई, सभा नेमकी शाळेच्या वेळेत असते हो. काल वर्गात शिरले, तर बाई म्हणाल्या, "या पाहुण्या, बसा!" सगळे हसले, मीही हसले. फळ्यावर अपूर्णांक होते. मला ओ की ठो कळेना. बाईंनी विचारलं, "समजलं का?" मी मुकाट्याने मान डोलावली. ही सवय कारखान्यातली.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "गप्प बस. त्यांच्यामुळे चार अक्षरं शिकतेस, उपकार विसरू नकोस." कारखान्याच्या मालकाबद्दलही आई असंच म्हणायची.

उद्या अपूर्णांकांची चाचणी आहे. ती सुरू व्हायच्या आत तुमची गाडी शाळेच्या दारात येईल. मी दप्तर बाकावरच ठेवून गाडीत बसेन, आणि तिथे भरल्या सभेत सांगेन, की मला शिकायचं आहे.

तुमचीच,
बटणवाली