साहेबांसाठी बांधलेला जिना

मस्कत, शुक्रवार (सुट्टीचा वार)

आदरणीय शैलाआत्यास,
धाकट्या पृथ्वीराजचा सविनय जय भीम.

तुमची साखर ताब्यात असेल, गुडघे फार कुरकुरत नसतील आणि वारज्यात नळाला दोन्ही वेळा पाणी येत असेल, असं धरून चालतो. (सहावीला तुम्ही आमच्या वर्गावर आलात, तेव्हापासून घरातही तुम्हाला 'अगं आत्या' म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून हे अहो-जाहो.) मी इथे मजेत आहे. परांच्या बांधायचं काम करतो, म्हणजे इमारत वर चढायच्या आधी मी चढतो आणि तिच्या मागून उतरतो. तुम्ही म्हणायचात की हा मुलगा एका जागी बसत नाही, याचं काही खरं नाही. तर आत्या, एका जागी न बसण्याचा इथे पगार मिळतो.

अक्षर बघून तुम्ही चष्मा पुसला असेल. हे अक्षर माझं नाही. माझ्या अक्षराला तुम्ही भर वर्गात 'मुंग्यांचा मोर्चा' म्हणाला होतात. मी मस्कतहून फोनवर बोलतोय आणि तिकडे पुण्यात एक ओळखीची व्यक्ती लिहून घेतेय. व्हॉट्सॲपवर लांब निरोप पाठवला की तुम्ही न वाचता नुसता अंगठा दाखवता, म्हणून कागद. लिहिणारं कोण ते शेवटी सांगेन. (मला फक्त सांगितलेलं लिहायची परवानगी आहे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र मी माझ्या जबाबदारीवर घालते आहे. — लेखनिक)

मुद्दाम सांगतो, हे पत्र काही मागायला लिहीत नाही. मागच्या सुट्टीत दोन महिने पुण्यात होतो आणि वारज्याला येऊन गेलो नाही, त्याचं कारण कळवावं एवढाच हेतू. कारण म्हणजे आपल्या बिबवेवाडीच्या घरावर एक खोली.

तुम्हाला ठाऊक आहे, घर म्हणजे दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत बाबांची कॉट दारापासून खिडकीपर्यंत. आत जायचं तर कॉटच्या कडेने, पोट आत घेऊन. आता मला अक्षता नावाची एक मुलगी पसंत आहे, तीही मला पसंत करते (याचं आश्चर्य वाटणाऱ्यांच्या रांगेत मी पहिला), स्वारगेटजवळ राहते, शिकलेली आहे, दवाखान्यात हिशेब बघते. तिच्या वडिलांना मी भेटायला गेलो. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. म्हणाले, "तुमच्या घरी येऊन गेलो मी. माझी मुलगी रोज सासऱ्याची कॉट ओलांडून स्वयंपाकघरात जाणार नाही. वेगळी खोली, वेगळं दार, वेगळा ओटा. पावसाळा संपेपर्यंत परवानगीचा कागद दाखवा. नाहीतर औंधचं एक स्थळ आहे, त्यांच्याकडे लिफ्टसुद्धा आहे." (बाबा असंच बोलले, शब्दही हेच. — लेखनिक) (हे नको होतं लिहायला. खोड. — पृथ्वीराज) (शाईचं पेन आहे, खोडत नाही. — लेखनिक)

असो. मी म्हटलं, एक खोली म्हणजे काय, मस्कतला आम्ही आठवड्याला एक स्लॅब ओततो. घरी येऊन बाबांना सांगितलं. आता तुमचे बंधू तात्याराव तुम्हाला माहीत आहेत. आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढले, पण ओव्हरसियरची जीप दिसली की खांबावरूनच सलाम ठोकायचे. त्यांना खोली मान्य, दार मान्य, ओट्याला मात्र सक्त विरोध. एका घरात दोन चुली म्हटलं की लोक म्हणणार, पोरगा वेगळा झाला. आम्ही नकाशाला सलिल नावाचा आर्किटेक्ट धरला. हा मुलगा माझ्याच वयाचा, पण बोलताना मधेच लॅपटॉप उघडतो. तो म्हणाला, काका, ओटा आणि संडास-बाथरूम नसेल तर ती नुसती खोली, असेल तर ते दुसरं घर, आणि कागदावर जे आहे तेच दाखवावं लागतं. बाबा म्हणाले, "ओट्याच्या जागी 'चहाची जागा' असं लिहा." सलिलने तासभर समजावलं. शेवटी नकाशात ओटा आला, पण बाबांनी तो दीड वितीचा करायला लावला. त्यावर चहाच होईल, असा त्यांचा हिशेब.

मग कागद. जागेचा उतारा, घरपट्टीची पावती, जुन्या भिंती वरचा भार पेलतील असा इंजिनिअरचा दाखला. प्रत्येक कागदाला आधी दुसरा कागद लागतो. मी रांगेत उभा राहू शकत नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे बाबा रांगेत आणि मी सरकारी कचेरीच्या आवारात चकरा मारत. कुठल्या मजल्यावर काय चालतं, कुठला चहावाला आलं घालतो, कुठली रांग भराभर सरकते, सगळं पाठ झालं. (या रांगेकडे नंतर येतो.)

आणि मग सलिल म्हणाला, एक दिवस तपासणीला महापालिकेचे साहेब येतील, गच्चीवर चढून माप घेतील. एवढं बोलून तो गेला आणि बाबांची झोप गेली. कारण आपल्या गच्चीवर जायला आहे ती लोखंडी शिडी, तिचीही तिसरी पायरी मी लहानपणी मोडलेली. सरकारी माणूस आपल्या दारात येणार आणि आपण त्याला माकडासारखा शिडीवर चढवणार? साहेबाची पँट कुठे अडकली, फाटली, तर परवानगी बाजूला राहील, नातवंडांपर्यंत नाव लक्षात राहील. मी म्हटलं, बाबा, शिडीला दोरी बांधतो, परांची बांधतो, माझं कामच आहे ते. बाबा म्हणाले, "साहेब काय कबूतर आहे?"

दुसऱ्या दिवशी दत्तोबा मिस्त्री हजर. तुमच्या घराचा मोरीचा कट्टा बांधला होता तोच, तोंडात तंबाखू, एका शब्दाला दहा मिनिटं. आणि आत्या, मान्य करावं लागेल, त्याने आठवड्यात असा जिना उभा केला की बघत राहावं. बाहेरून, घराच्या कडेने, सिमेंटचा, वर चढताना हाताला रेलिंग, पायऱ्यांना पिवळी कड. आईचे गुडघे गेल्यापासून तिने गच्ची पाहिली नव्हती. ती रेलिंग धरून वर गेली, चहूकडे बघितलं आणि खाली यायलाच तयार होईना. जेवणाचं ताट वर मागवलं.

साहेब आले. सज्जन माणूस, अगदी मऊ बोलणारा. जिन्याने चढले, रेलिंगवर हात फिरवला, म्हणाले, काम स्वच्छ आहे. वर माप घेतलं, चहा घेतला, आईने केलेली भजी नको नको म्हणत घेतली. मी मनात खोलीला रंग कुठला द्यायचा इथपर्यंत पोचलो होतो. उतरताना साहेबांनी सहज विचारलं, "हा जिना कधीचा?" आणि बाबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "गेल्याच आठवड्यातला, साहेब. खास तुमच्यासाठी."

साहेब तिथेच पायरीवर बसले. बसल्या बसल्या पिवळ्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काका, तुम्ही असं बोलायला नको होतं. आता मला लिहावं लागेल."

नोटीस आली. बांधायची परवानगी मागणाऱ्यांनी परवानगी न घेता बांधलेला जिना पाडावा, नाहीतर रीतसर नकाशात दाखवून मंजूर करून घ्यावा, तोवर खोलीचा विचार नाही. साहेबांची काही चूक नाही, हे आम्हीसुद्धा मान्य करतो. बाबा मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी पेपर घेऊन सर्वांत खालच्या पायरीवर बसतात आणि आई सर्वांत वरच्या. पाडणारा कुठूनही आला तरी दोघांपैकी एक आडवं येणारच. माझी सुट्टी संपली, मी इकडे आलो.

तर वारज्याला का आलो नाही ते हे. बाकी क्षेम. पथ्य सांभाळा, जिना जपून उतरा.

तुमचा नम्र विद्यार्थी आणि भाचा,
पृथ्वीराज

ता. क. — एक बारीकशी गोष्ट राहिली. उताऱ्यावर आजोबांनी बाबांबरोबर तुमचंही नाव लावलेलं आहे. सलिल म्हणतो, जिना मंजूर करायचा असो की खोली, दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. बाबा म्हणतात, "ती अर्जातही चुका काढेल." आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची छापलेली पत्रिका तुम्ही लाल पेनाने तपासून, 'दहापैकी चार, पुन्हा लिहा' असा शेरा मारून परत पाठवलीत, तेव्हापासून ते तुमच्याशी बोलत नाहीत हे मला माहीत आहे. पण आत्या, ती पत्रिका त्यांनी फेकलेली नाही. कॉटखालच्या ट्रंकेत आहे. सोबत अर्ज जोडला आहे, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली केली आहे.

दुसरा ता. क. — ती भराभर सरकणारी रांग लग्न नोंदवायची होती. आम्ही अर्ज टाकला. पद्धत अशी की नोटीस महिनाभर बोर्डावर लावतात, कुणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून. आमची नोटीस महिनाभर लटकली आणि पुण्यात, आत्या, पुण्यात, एकाही माणसाने हरकत घेतली नाही. साक्षीदार म्हणून सलिल, त्याच्या ऑफिसातला एक जण आणि दत्तोबा. दत्तोबाने सही करण्याआधी विचारलं, "यात जिन्याचं काही नाही ना?" तर मी आणि अक्षता कायद्याने नवरा-बायको आहोत. ही गोष्ट तिच्या घरी ठाऊक नाही, आपल्या घरी ठाऊक नाही, फक्त तुम्हाला सांगतोय. औंधवाले येत्या रविवारी बघायला येणार आहेत. लिहून घेणारी व्यक्ती म्हणजे अक्षताच, हे तुम्ही पहिल्या पानावरच ओळखलं असेल. पत्र तीच घेऊन आली आहे. कुरिअरवाली समजून तिला जाळीच्या दाराबाहेर उभं ठेवलं असेल, तर कृपा करून आत घ्या.

तिसरा ता. क. (हा त्याला न विचारता) — आत्या, सविनय जय भीम. मी जाळीबाहेरच आहे, सावकाश वाचा. पृथ्वीराजला अजून माहीत नाही, पण काल बिबवेवाडीला जाऊन मी सगळं सांगून टाकलं. तात्यारावांनी पेपर खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आपल्या घराला नोटिसा दोन लागल्या?" आई वरच्या पायरीवरून हसत होत्या. घरी माझ्या बाबांनाही आजच सांगायचं आहे, पण आधी मंजुरीच्या अर्जावर तुमची सही हातात हवी, नुसतं लग्न त्यांना पुरणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील तर त्या माझ्या, लाल पेन मी बरोबर आणलं आहे. मार्क कितीही द्या. फक्त त्याआधी एकदा गॅलरीतून खाली बघा. कोपऱ्यावर रिक्षा थांबली आहे, तिच्यात तुमचा भाऊ बसला आहे. चार मार्क देणाऱ्या बाईचा जिना मी चढणार नाही म्हणतात, पण मान बाहेर काढून दुसऱ्या मजल्याकडे बघतायत, आणि रिक्षाचं मीटर चालू आहे.