टिंब काढ

२ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. एकाच दिवशी तिन्ही मिळालेली बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली टेबल, नळाला चक्क दिवसभर पाणी. वही लेकीने दिली. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, की मी तिला टिंब म्हणाले आणि तेच चिकटलं. पहिल्या पानावर तिने लिहिलंय, ‘आईला. रोज लिही. टिंब.’ परीक्षा संपेपर्यंत ती माझ्या ताईकडे राहील. पाच एप्रिलला ताई तिला घेऊन येणार. चौतीस दिवस. तोवर आमचा खेळ बंद. त्यात ती माझ्या हाताला हुकूम सोडते, आधी मला काढ, मग आईला काढ, आणि मी कागदावर एक लहान आणि एक मोठा भोपळा काढून दाखवते.

काम मुद्रितशोधनाचं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, जो कुणीच वाचत नाही, तो मी वाचायचा.

५ मार्च, गुरुवार

आमचे साहेब बुटके, गोल आणि सदा सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले, म्हणून ऑफिसात त्यांना अनुस्वार म्हणतात. त्यांनाही हे माहीत आहे. आज त्यांनी मला दोन नियम शिकवले. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. छापण्यासाठी अक्षरांची जुळणी करणाऱ्याला कळतं, की हा ठेवायचा. आणि समासात ‘काढा’ असं कधीही लिहायचं नाही. ‘घाला’ लिहा नाहीतर ‘उडवा’ लिहा. एकदा एकाने सूचनेशेजारी ‘रेघ काढा’ लिहिलं. त्याला सूचनेखाली रेघ हवी होती. जुळणी करणाऱ्याने रेघ म्हणजे ओळ समजून अख्खी ओळच काढून टाकली. ‘लहान मुलांना देऊ नये’ अशी ती ओळ होती. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

११ मार्च, बुधवार

डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली आहेत. मूळ प्रतीच्या ओळीवरून डावं बोट फिरवायचं आणि उजव्या हातात लाल पेन धरायचं, ही माझी पद्धत. आज बोट कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळेना. शेजारच्या टेबलावरची बाई हसली. म्हणाली, इथे नवीन येणाऱ्याला वाचेल तो आजार होतो, तिला स्वतःला पंधरा दिवस मूत्रपिंडाचा झाला होता. मीही हसले.

१७ मार्च, मंगळवार

आता कोपरापर्यंत बधिर. काल घरमालकिणीला सांगताना ‘जिना’ हा शब्द आठवला नाही. ते पायऱ्या-पायऱ्यांचं, असं म्हणाले. रात्री ‘चमचा’ गेला.

मेंदूच्या डॉक्टरांनी माझ्याकडे कमी आणि स्कॅनच्या फिल्मकडे जास्त पाहिलं. म्हणाले, उत्तम आहे, काही सापडत नाही. मग हात असा का, असं विचारलं तर म्हणाले, अजून काही तपासण्या करू, वीस एप्रिलची तारीख मिळेल, तोवर लक्षणं वहीत लिहून ठेवा आणि रिपोर्ट चांगला आला याचा आनंद माना. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि आनंद मानून पाहिला. जमलं नाही. घाबरले आहे मी.

२४ मार्च, मंगळवार

मागचं पान उघडलं. ‘जिना’ आणि ‘चमचा’ हे दोन्ही शब्द लाल पेनाने खोडलेले. रेघ तिरकी, उलट्या बाजूने ओढलेली. खाली ‘बाकावर’ होता, तोही खोडलेला. अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. डाव्या हाताच्या बोटांना लाल शाई. या हाताने जन्मात कधी अक्षर गिरवलेलं नाही.

मग अनुस्वारांचा नियम आठवला. उजव्या हाताने ‘जिना’खाली टिंबं दिली. पाणी प्यायले. परत वाचलं. जिना. पायऱ्या, वळण, खालचा दिवा, सगळं परत आलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, बरं वाटून.

२८ मार्च, शनिवार

दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, जे काही असेल ते वीस तारखेला सांगा. अनुस्वारांना हात दाखवला, तो आपोआप खुणा करतो असं सांगितलं. त्यांनी माझे या आठवड्याचे कागद मागवले. एकही चूक सुटली नव्हती. डाव्या हाताच्या खुणा उजव्यापेक्षा नेटक्या आहेत, तेव्हा त्यालाच करू दे, म्हणाले. सगळे हसले. ते थट्टा करत नव्हते.

३१ मार्च, मंगळवार

आज चाळीस शब्द. उशी. मीठ. बाबा. रात्री मी हात ओढणीने खुर्चीला बांधला होता. गाठ सोडलेली आणि ओढणीची नीट घडी केलेली.

उजवा हात थकतो. मी एका शब्दाखाली टिंबं देते, तोवर तो तीन खोडतो. मागून पुढे सरकतोय. पहिल्या पानाकडे. बाकी सगळं नेलं तरी चालेल, ते पान नको. पाच दिवस. पाच दिवस तरी —

२ एप्रिल, गुरुवार

सुचलं. आधी का सुचलं नाही. हा हात जुळणी करणाऱ्यासारखा आहे, समासात लिहिलेलं ऐकतो. मग त्यालाच काम सांगायचं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, प्रत्येक शब्दाखाली. मी पहिल्या पानाच्या समासात मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘टिंबं काढ.’ आणि लाल पेन स्वतःच त्याच्या बोटांत दिलं. लगेच वाकला कामावर.

किती दिवसांनी शांत वाटतंय. टिंब येईपर्यंत सगळं जागेवर असेल.

३ एप्रिल, शुक्रवार

वहीत एकही उरल नाही. अक्षराखालची गेली, अक्षरावरचीही गेली. ब्लेडन खरवडली आहेत. मी काढ म्हणाले. त्यान काढली. मी, मीच लिहिल. घाल लिहायच होत —

पहिल्या पानावर ‘आईला. रोज लिही.’ एवढच. खाली सही असावी तिथ भोक. कोणाची आई? मी दिवस मोजत होते. दोन उरलेत. कशाचे ते —

५ एप्रिल, रविवार

सकाळी ताई आली. बरोबर एक मुलगी. मी विचारल, ही कोणाची. ताई रागावली, मग तोड फिरवून आत गेली, चहा ठेवते म्हणाली. मुलगी रडली नाही. टेबलापाशी बसली. वही चाळली. म्हणाली, आठवत नसल तर राहू दे, आपण आपला खेळ खेळू. मग माझ्या डाव्या हाताला सागू लागली. आधी मला काढ, मग आईला काढ.

मला तिला अडवायच होत. तसा शब्द वापरू नको, दुसरा एक आहे, तो वापर. तो दुसरा शब्द आलाच नाही.

हातान पेन उचलल. कागद घेतला नाही. तिच्या कपाळावर तिरकी रेघ. ती हसली, गुदगुल्या होतात म्हणाली, आणि —

खुर्ची रिकामी. पाठीला तिची पिशवी. खोडलेल्याखाली द्यायची असतात ती मी दिली, खुर्चीखाली, फरशीवर, सगळीकडे दिली. कोणी परत येत नाही. ताई आतून हाक मारते, दूध की चहा विचारते. कोणाला विचारते —

मग आईला काढ, म्हणाली होती. ही आई कोण. हात माझ्याकडे वळला आहे. म्हणजे आई मी. म्हणजे ती माझी